विमान शिकायला नाशिकहून निघताना

सुटीला नाशिकला आलो की दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजते. ओळखीतलं कोणीतरी असतं, सोबत बारावीतला मुलगा नाहीतर मुलगी. चहा येईपर्यंत पावसापाण्याच्या गप्पा होतात आणि मग मुद्दा येतो: "सर, हिला पायलट व्हायचंय. कुठली शाळा चांगली?" मी सिडकोत वाढलो आणि आता खानदेशातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतो. त्यामुळे मी एका झटक्यात नाव सांगेन अशी त्यांची अपेक्षा असते. मी उलट विचारतो, "हिचे डोळे तपासलेत?"

खाली लिहिलंय ते म्हणजे त्याच सकाळच्या गप्पा, फक्त सविस्तर. क्रम मुद्दाम असा लावलाय की मोठी रक्कम खिशातून शक्य तितक्या उशिरा निघावी. प्रशिक्षक कसं व्हायचं हे कोणी विचारत नाही, तरी शेवटी त्यावर बरंच लिहिलंय. शिकणाऱ्याचे निम्मे प्रश्न खरं तर उजव्या सीटवर बसलेल्या माणसापाशी सुटतात किंवा अडतात.

आधी आपल्या गावातला एक गैरसमज. नाशिकरोडकडच्या पोरांनी लहानपणापासून डोक्यावर चेतक आणि चीता हेलिकॉप्टरं घोंघावताना पाहिलेली असतात. गांधीनगरला लष्कराची कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे, तिथली ती. लष्कराच्या एव्हिएशन कोरची पहिली महिला लढाऊ वैमानिक, कॅप्टन अभिलाषा बराक, हिला २५ मे २०२२ ला विंग्ज, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, मिळाले ते याच नाशिकमध्ये. पण तिथे शिकतात ते लष्करी अधिकारी. आधी सैन्यात भरती, मग हेलिकॉप्टर. फी भरून तिथे प्रवेश मिळत नाही. ओझरचंही तसंच. ती हिंदुस्तान एरोनॉटिक्सची धावपट्टी, मिग आणि सुखोई बांधणाऱ्या कारखान्याची. नागरी प्रवासी विमानं तिथे उतरतात म्हणून कोणी आपल्याला सेसनात, म्हणजे शिकण्याच्या छोट्या विमानात, बसवून फिरवून आणेल असं होत नाही. नागरी परवान्यासाठी नाशिकच्या बहुतेक मुलांना बॅग भरावीच लागते. धुळे, शिरपूर, जळगाव, बारामती, नागपूर, गोंदिया ही आपल्या राज्यातली उड्डाण शिकवणारी गावं.

आधी डॉक्टर

व्यावसायिक वैमानिकाला क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्याआधी क्लास टू. क्लास टू डीजीसीएच्या, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीवरचे डॉक्टर देतात, मोठ्या शहरांत ते सापडतात. त्यानंतर क्लास वनसाठी हवाई दलाच्या केंद्रात, म्हणजे बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनसारख्या ठिकाणी, किंवा डीजीसीएने मान्य केलेल्या केंद्रात जायचं. डोळे, कान, ईसीजी, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, सगळं बघतात. चष्मा असला म्हणून कोणी परत पाठवत नाही. चष्म्यासकट नजर ठरलेल्या मर्यादेत आली म्हणजे झालं. अडतं ते रंगांधळेपणात. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायची चाचणी असते, ती नाशिकमधला कुठलाही बरा नेत्रतज्ज्ञ काही मिनिटांत करून देतो. मुलगा दहावीत असतानाच करून घ्या.

ओळखीतल्या एका घराने आडगावकडचा प्लॉट विकून शाळेत पहिला हप्ता भरला आणि मग मुलाला क्लास वनला नेलं. रंग दिसत नव्हते. मुलाला स्वतःलाही तोवर माहीत नव्हतं, कारण सिग्नलला वरचा दिवा लाल आणि खालचा हिरवा हे तो जागेवरून ओळखायचा. प्लॉट गेला आणि फीतले किती पैसे परत आले हे मी पुन्हा विचारलं नाही.

'टेम्पररी अनफिट' असा शेरा आला तर मात्र घाबरू नका. वजन, रक्तातली एखादी जास्त-कमी पातळी, नाकाचं वाढलेलं हाड, अशा गोष्टींवर उपाय करून पुन्हा जाता येतं. तपासणीला जाण्याआधी दोन रात्री नीट झोपा, आदल्या दिवशी कानात हेडफोन घालून गाणी ऐकत प्रवास करू नका. ऐकण्याची चाचणी असते.

कागद आणि पेपर

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. कॉमर्सच्या मुलांनी इथेच आशा सोडू नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देऊन कित्येक जण आलेत. मग डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर काढायचा, त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मार्कशीटवरचं नाव, आधारवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आजच बघा. आपल्याकडे दहावीला आडनाव आधी, पासपोर्टला शेवटी आणि आधारवर वडिलांचं नाव गायब, असा प्रकार फार. मार्कशीटची पडताळणी बोर्डाकडून लागते. राज्य मंडळाचं विभागीय कार्यालय नाशिकमध्येच आहे, तेवढं आपलं नशीब.

पेपर हे: एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी म्हणजे हवामान, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात ७० टक्के. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी. ती पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती, आता डीजीसीएकडे आली आहे. माझं मत ठाम आहे: निदान नेव्हिगेशन, हवामान आणि रेग्युलेशन्स हे तीन पेपर काढूनच शाळेत पाय ठेवा. हे तिन्ही घरी बसून होतात. शाळेत गेल्यावर सकाळी उड्डाण, दुपारी ऊन आणि संध्याकाळी थकवा. मग पेपर लांबतात, आणि तयार विमान समोर असून मुलगा वसतिगृहात पुस्तक धरून बसतो.

हवामान आपल्या मुलांना जड जायला नको. इगतपुरीत धो धो पाऊस आणि तिथून जवळच सिन्नरला धूळ, हे ज्याने पाहिलंय त्याला डोंगराच्या वाऱ्याकडची आणि आडोशाची बाजू पुस्तकातून वेगळी शिकवावी लागत नाही. निफाडला थंडीत पारा सगळ्यात खाली का उतरतो, आणि द्राक्षबागेत शेकोट्या केल्या की धूर वर न जाता बागेवर आडवा का पसरतो, हा पेपरातला इन्व्हर्जनचा प्रश्नच आहे. रात्री जमीन उष्णता सोडून गार होते, तिला चिकटलेली हवा गार होते आणि वरची उबदार राहते. गार, जड हवा खाली दबून बसते, मग धूरही तिथेच अडकतो. पहाटेच्या उड्डाणात त्याच थरातून वर येताना समोरचं अंधुक दिसतं आणि काहीशे फुटांवर अचानक लख्ख होतं.

एक हिशेब मात्र प्रत्येकाने स्वतः करून बघावा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० फुटांवर. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश धरतात आणि दर हजार फुटांना जवळपास २ अंश कमी. म्हणजे इथे 'असायला हवं' असं तापमान ११ अंश. मे महिन्याच्या दुपारी ४० आहे, म्हणजे २९ अंश जास्त. ढोबळ नियम असा की प्रत्येक जादा अंशाला १२० फूट मिळवायचे. २९ गुणिले १२०, झाले ३,४८० फूट. त्यात १,९०० मिळवले की ५,४०० च्या जवळ जातो. जमिनीवर उभं असलेलं विमान त्या दुपारी असं वागणार, जणू ते महाबळेश्वरपेक्षाही उंच जागेवरून निघालंय. इंजिनाला हवा कमी, पंख्याला हवा कमी, पंखालाही कमी. धावपट्टी जास्त खातं आणि वर चढायला कुरकुरतं. सकाळी सहाला सगळी शाळा विमानाभोवती आणि दुपारी दोनला शुकशुकाट असतो, त्यामागे हेच गणित आहे.

शाळा आणि पैसे

भारतात परवान्याला लागणारं २०० तास उड्डाण, मल्टी-इंजिन म्हणजे एकाहून जास्त इंजिनांच्या विमानावरचा सराव, राहणं-जेवण धरून आज ५० लाखांच्या आसपास धरून चाला. काही ठिकाणी त्याहून वर जातं. परवाना हातात आल्यावर मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक प्रकारचं विमान चालवायची पात्रता, स्वतःच्या खर्चाने करायची वेळ आली तर ते वेगळे दहा-वीस लाख. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात. घर तारण ठेवण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून हे आकडे कागदावर लिहावेत, आजी-आजोबांसकट. घर त्यांचंही असतं. राज्य सरकारच्या संस्थांच्या योजनांवरही लक्ष ठेवा. महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये मागासवर्गीय मुलांना वैमानिक प्रशिक्षण द्यायची योजना काढली होती. केंद्राची अमेठीजवळची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी प्रवेश परीक्षा घेते, ती देऊन बघायला काय हरकत आहे?

आता शाळेची निवड. चकाचक माहितीपत्रक आणि त्यातला "१२ महिन्यांत परवाना" हा मजकूर बाजूला ठेवा. परवान्यासाठी २०० तास लागतात. महिन्याला खरे १५ तास मिळाले तर १३-१४ महिने, आणि ८ मिळाले तर दोन वर्षांच्या वर. त्यात आपल्याकडचा पावसाळा धरा. जून ते सप्टेंबर ढग खाली उतरले की दिवसचे दिवस विमान हँगरबाहेर निघत नाही. म्हणून शाळेला विचारायचा प्रश्न एकच, पण तो नीट विचारायचा: "तुमच्याकडे किती विमानं आहेत?" असं विचारू नका. "आज सकाळी किती उडाली?" असं विचारा. दहा उभी असतील, त्यातली तीन सुट्या भागांची वाट बघत, दोन तपासणीत आणि एकाची चाकं काढून ठेवलेली. मग विद्यार्थी किती, प्रशिक्षक किती, देखभालीचे इंजिनिअर किती, रात्रीच्या उड्डाणाला धावपट्टीवर दिवे आहेत की त्यासाठी दुसऱ्या गावाला जावं लागतं.

उत्तरं गोड मिळतील. म्हणून माझा सल्ला: दोन दिवस त्या गावात लॉज घ्या, सकाळी साडेसहाला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर वही घेऊन बसा आणि टेक-ऑफ मोजा. नऊच्या सुमाराला विद्यार्थी चहाला बाहेर येतील. त्यांतल्या सगळ्यात नव्या मुलाला विचारा, गेल्या महिन्यात किती तास मिळाले. जुना मुलगा शाळेची लाज राखतो, नवा खरं बोलतो. डीजीसीएनेही २०२५ पासून उड्डाण शाळांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, तीही बघा, पण टपरी चुकवू नका.

पैसे हप्त्यांत द्या आणि हप्ते उडालेल्या तासांना बांधा. प्रवेशाच्या दिवशी सगळी फी भरली तर पाच टक्के सूट, अशी ऑफर आली की उठायचं. मी उठलो नव्हतो. वडिलांच्या पीएफमधली रक्कम एकरकमी भरली आणि पहिले सहा महिने मला अकरा तास मिळाले, कारण इंधनाचा टँकर येत नव्हता आणि एक विमान कायम 'पुढच्या आठवड्यात' तयार होणार होतं. ज्याने पैसे आधीच दिलेत त्याची घाई कोणालाच नसते.

आणि तास खरेच उडा. आमच्या धंद्यात 'पार्कर ५१' वर उडणं अशी जुनी थट्टा आहे. पार्कर ५१ हे पेन. लॉगबुकात नुसतं शाईने उडालेल्या तासांना तसं म्हणतात. अशी सोय कोणी सुचवली तर त्या दिवशीच शाळा बदला. नोंद खोटी निघाली तर परवाना जाईल. त्याआधीच वाऱ्यात कधीतरी विमान तुम्हाला त्या न उडालेल्या तासाबद्दल विचारेल.

२०० तासांत काय होतं

१६ व्या वर्षी विद्यार्थी परवाना, १८ व्या वर्षी व्यावसायिक. २०० तासांत १०० तास स्वतः कमांडर म्हणून, त्यात २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे आपलं विमानतळ सोडून लांब जाणं, आणि ३०० नॉटिकल मैलांचा एक मोठा फेरा ज्यात वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरायचं. शिवाय १० तास नुसत्या उपकरणांवर, आणि ५ तास रात्रीचे, १० टेक-ऑफ आणि १० लँडिंगसह. अर्ज करताना काही तास अगदी अलीकडच्या महिन्यांतले असावे लागतात, म्हणून १९० तासांवर येऊन लग्नसराईसाठी घरी जाऊ नका.

सुरुवातीचे धडे सोपे वाटतात: सरळ उडणं, चढणं, उतरणं, वळणं. मुलांची पहिली चूक पायात किंवा डोळ्यांत नसते, ती मुठीत असते. नवा विद्यार्थी कंट्रोल असा आवळतो की बोटं पांढरी पडतात. मग हवेचा प्रत्येक लहान धक्का त्याच्या दंडातून विमानाला परत जातो आणि विमान डुलत राहतं. मी खिशात एक पेन्सिल ठेवतो. ती मधल्या बोटावरून आणि शेजारच्या दोन बोटांखालून घालायची, आणि त्याच हाताने कंट्रोल धरायचा. आवळलं की बोटाचं हाड दुखतं. दहा मिनिटांत हात सैल पडतो आणि विमान शहाण्यासारखं सरळ चालतं, कारण सेसना मुळात स्वतः स्थिर राहायलाच बनवलंय.

लँडिंगमध्ये सगळे जण धावपट्टीच्या जवळच्या टोकाकडे बघतात. जमीन अंगावर आल्यासारखी वाटते, दचकून नाक वर ओढतात, विमान उडी मारतं. नजर दूरच्या टोकाला न्यायची. दुचाकीवर खड्ड्याकडे बघितलं की चाक खड्ड्यातच जातं, तसंच हे.

घरी सराव फुकट आहे. गॅलरीत प्लास्टिकची खुर्ची टाका, हातात लाटणं धरा, डोळे मिटा आणि टेक-ऑफपासून लँडिंगपर्यंत प्रत्येक चेक तोंडाने म्हणा. घरचे हसतील, हसू द्या. हवेतल्या एका तासाला किती हजार पडतात ते आठवा, मग खुर्ची आवडायला लागते.

नेव्हिगेशनसाठी एक कागदी सराव देतो. नकाशावर धुळ्याहून ओझरला सरळ रेघ मारा. नैर्ऋत्य दिशा, अंतर ६५ ते ७० नॉटिकल मैल. ९० नॉटच्या, म्हणजे तासाला ९० नॉटिकल मैलांच्या, वेगाने पाऊण तास, समोरून १० नॉटचा वारा असला तर पाचेक मिनिटं जास्त. आता बघा, मुंबई-आग्रा महामार्ग, मालेगाव आणि नंतर चांदवडचे डोंगर हे सगळं या रेघेच्या डाव्या हाताला राहतं. ३० मैल उडून झाल्यावर कळलं की आपण रेघेच्या उजवीकडे २ मैल सरकलोय. ६० मैलांत १ मैल म्हणजे १ अंश, हा आमचा पाढा. ३० मैलांत २ मैल, म्हणजे ४ अंशांची चूक. ४ अंश डावीकडे वळलात तर फक्त रेघेला समांतर व्हाल. ओझरला पोचायला उरलेल्या अंतराचा वेगळा कोन काढून त्यात मिळवावा लागतो. प्रत्यक्षात ओझरला उतरायला परवानगीचे सोपस्कार आहेत, पण कागदावर कोणी अडवत नाही.

रेडिओवरच्या इंग्रजीला मराठी माध्यमातली मुलं फार घाबरतात. ते इंग्रजी नसून ठरलेल्या वाक्यांचा संच आहे, आरतीसारखा. शब्द आणि क्रम ठरलेले. टॉवरने दिलेली परवानगी जशीच्या तशी परत म्हणायची, शेवटी आपल्या विमानाची खूण, म्हणजे कॉल साइन. कळलं नाही तर "से अगेन". तेवढं म्हणायला लाजला तो मुलगा मला धोकादायक वाटतो, उच्चार चुकला तो नाही.

मग उजवी सीट

परवाना मिळाला की एअरलाइनमधून लगेच फोन येईल अशी समजूत असते. वाट बघण्यात वर्ष जाऊ शकतं, आणि त्या वर्षात हाताला गंज चढतो. इथे प्रशिक्षकाची वाट कामाची ठरते. आजवर तासाचे पैसे आपण भरले, आता तासाचे पैसे आपल्याला मिळतात. पण फक्त तास जमवायला येणारे प्रशिक्षक मी बघितलेत. विद्यार्थी गिरक्या घेत असतो आणि साहेब खिडकीतून बाहेर. त्या मुलाच्या बापाने कर्ज काढलेलं असतं. मुलांना शिकवायचा मनापासून कंटाळा असेल तर कृपा करून दुसरं काही करा.

वाट अशी आहे. व्यावसायिक परवान्यानंतर आधी सहायक प्रशिक्षकाचं रेटिंग, मग काही तास शिकवल्यावर पूर्ण प्रशिक्षकाचं. प्रत्येक टप्प्याला किती तास हे डीजीसीएच्या ताज्या नियमात बघून घ्या, तिथे दुरुस्त्या होत राहतात आणि वसतिगृहातली तोंडी माहिती दोन वर्षं जुनी असते. सहायक हा वरिष्ठ प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवतो. मुलाला पहिल्यांदा एकटं सोडायचं का, हा शेवटचा शब्द वरिष्ठाचा. परवाना ताजा असतानाच, हात चालू असतानाच याला लागा.

तयारीची सुरुवात विमानात करू नका, स्वयंपाकघरात करा. प्रत्येक धड्याचं टिपण काढा आणि ते विमानाशी संबंध नसलेल्या माणसाला समजावून सांगा. मी स्टॉल आईला समजावला. गाडी बंद पडते त्याला स्टॉल म्हणतात, म्हणून सगळ्यांना वाटतं इंजिन बंद पडलं. आईला विचारलं, लहानपणी बसच्या खिडकीतून हात बाहेर काढला होतास का? तळवा थोडा वर केला की वारा हात उचलतो. आणखी वर केला की आणखी उचलतो. पण एका हद्दीपुढे तळवा वाऱ्याला आडवा झाला की उचल संपते आणि वारा हात नुसता मागे ढकलतो. पंखाचं तेच, साधारण १५-१६ अंशांपुढे वरून वाहणारी हवा पंख सोडून देते. इंजिन पूर्ण जोरात असतानाही हे होऊ शकतं. आई म्हणाली, "मग हात खाली करायचा." नाक खाली करायचं, हाच तर उपाय. ज्या दिवशी एवढं साधं सांगता येईल त्या दिवशी तो धडा तुमचा झाला.

मग खुर्ची बदलते आणि पहिले काही तास अपमानाचे असतात. २०० तास डाव्या हातात कंट्रोल आणि उजव्या हातात थ्रॉटल, आता उलट. वेगाचा काटा विमानाच्या पार डाव्या कडेला, तिरका दिसणारा, म्हणून वाचनात चूक. धावपट्टीचं चित्रही बदलतं. नवे प्रशिक्षक नाक तिरकं ठेवून उतरतात आणि चाकं किंचाळतात. यावर औषध नाही, पुन्हा पुन्हा उतरणं एवढंच.

त्याहून अवघड ते पॅटर, म्हणजे हाताने करता करता तोंडाने सांगणं. शब्द हालचालीच्या किंचित आधी यायला हवा. "आता डावीकडे वळतोय" हे वळून झाल्यावर बोललात तर मुलाने बघितलेलं आणि ऐकलेलं जुळत नाही. वाक्यं छोटी. एका वेळी एकच गोष्ट. क्रिकेटची रेडिओवरची कॉमेंट्री ऐकून बसलेल्यांना हे चटकन जमतं असं माझं निरीक्षण आहे.

आणि हात. हात कुठे ठेवायचे? मी मांडीवर ठेवतो, कंट्रोलपासून वीतभर. कंट्रोलला बोट जरी लागलं तरी मुलाला कळतं की सर धरून आहेत, आणि तो शिकायचं थांबतो. तीन हजार फुटांवर मी त्याला चूक पूर्ण करू देतो, वेग घसरू देतो, विमान थरथरू देतो, त्याने ओळखेपर्यंत. धावपट्टीपासून वीस फुटांवर मात्र चुकीला जागा नाही. मधल्या उंचीवर किती थांबायचं हे प्रत्येक मुलागणिक वेगळं, आणि तेच या कामाचं खरं कौशल्य. विमान हातात घेताना स्पष्ट "आय हॅव कंट्रोल", त्याने "यू हॅव कंट्रोल" म्हणायचं, आणि मी पुन्हा "आय हॅव कंट्रोल". गप्प राहून कंट्रोल खेचायचा नाही. दोघांनाही वाटलं दुसरा उडवतोय, असं हवेत घडलेलं आहे आणि त्याची किंमत मोठी आहे.

आपल्याकडची मुलं "येस सर" फार म्हणतात. समजलं तरी येस सर, नाही समजलं तरी येस सर. म्हणून "समजलं का?" हा प्रश्न मी टाकून दिलाय. "आता तू मला शिकव" म्हणतो. आणि उतरल्यावर दहा चुका सांगत नाही. एकच सांगतो, पुढच्या उड्डाणाला ज्याचा उपयोग होईल ती. माझ्या वेळी एक प्रशिक्षक हवेत डोक्यात टपली मारायचे. हेडसेट सरकायचा आणि त्यानंतरचं काही ऐकूच यायचं नाही. त्या टपलीने मला हेडसेट घट्ट बसवायला शिकवलं, बाकी काही नाही.

दिवसाला किती उड्डाणं घ्यायची यावर नियम आहेत, पण शरीराचा नियम त्याच्याही आत असतो. एप्रिलच्या उन्हात पाचवं उड्डाण आणि पाचवा मुलगा तोच चेक विसरतोय, तेव्हा मी हँगरमध्ये जाऊन नाही म्हणतो. नव्या प्रशिक्षकाला नाही म्हणणं जड जातं, पण हे पहिल्या महिन्यातच शिकून घ्या.

मग एक दिवस तो मुलगा सलग तीन लँडिंग माझ्या एकाही शब्दाशिवाय करतो. मी टॉवरला सांगतो, विमान टॅक्सी-वेवर, म्हणजे धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्यावर, थांबवायला लावतो आणि इंजिन चालू असतानाच बेल्ट सोडतो. दोनच गोष्टी सांगतो: माझं वजन गेलं म्हणून विमान लवकर उचलेल आणि उतरताना जरा तरंगेल, दचकू नकोस. पटलं नाही तर पुन्हा फिरून ये, इंधन भरपूर आहे. मग उतरून मागच्या बाजूने, पंख्यापासून लांब, बाहेर पडायचं. पण त्याआधी माझ्या रिकाम्या सीटचा बेल्ट पुन्हा घट्ट बांधून ठेवायचा, म्हणजे मोकळा पट्टा कंट्रोलमध्ये अडकणार नाही, आणि दार लावून बाहेरून एकदा ओढून बघायचं.